शिडाच्या बोटीवरची सुट्टी, अडकलेला नांगर आणि कापलेली अनामत: चूक कोणाची?

खारेवारे

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, कारण डोकं फिरलंय आणि घरात हा विषय काढायला बंदी आहे.

जूनमध्ये आम्ही दोन कुटुंबं, म्हणजे चार मोठे आणि आमच्या दोन मुली (१४ आणि ११), ग्रीसच्या आयोनियन समुद्रात आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेऊन फिरलो. बोट ३८ फुटी, स्किपर मीच. मी इंग्लंडात असतो, डे स्किपरचा (छोट्या बोटीच्या कप्तानाचा) कोर्स तिथल्या सोलेंटच्या समुद्रात केलाय, आयसीसी (बोट चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना) आहे. हवशा-नवशा नाही, गवशा म्हणा हवं तर.

लेफ्कादाहून निघालो. मेगानिसी, मग इथाकेचं किओनी. पहिले तीन दिवस दृष्ट लागण्यासारखे. सकाळी समुद्र तेलासारखा, दुपारी एकच्या सुमाराला वायव्येचा वारा सुरू, संध्याकाळी सूर्याबरोबर वाराही घरी. किओनीच्या तोंडाशी तीन पडक्या पवनचक्क्या आहेत, त्या बघत डेकवर मुगाची खिचडी आणि भडंग. चौथ्या रात्री केफालोनियाच्या उत्तर टोकाला फिस्कार्दो. १९५३च्या भूकंपात केफालोनियातली बहुतेक गावं पडली, त्यातून जी थोडी वाचली त्यातलं हे एक. त्यामुळे जुनी रंगीत घरं, आणि त्यामुळेच गर्दी.

माहीत नसलेल्यांसाठी: तिकडे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. समोर पाण्यात नांगर टाकायचा, साखळी सोडत मागे यायचं आणि बोटीची पाठ दोन दोरांनी धक्क्याला बांधायची. ओळीतल्या प्रत्येक बोटीची साखळी समोर तळाशी पसरलेली. कोणी तिरकं आलं की त्याची साखळी तुमच्या नांगरावर.

आमच्यावर आलीच. सकाळी नऊला निघताना विंडलासने (नांगर ओढणारा विजेचा विंच) ४५ मीटरपैकी तीसेक मीटर साखळी घेतली, मग कण्हला, आणि बंद. रिमोट दाबतोय, काही नाही. मी आणि मित्राने उरलेली हाताने ओढली. हातमोजे एकच जोड. शेवटी शेजारच्या बोटीवरचे एक जर्मन आजोबा हाफपँटवर डिंगीतून (बोटीमागे बांधलेल्या छोट्या होडीतून) आले आणि दोराने काहीतरी करून आम्हाला सोडवून गेले.

तासाभराने भर खाडीत पीsssप. धाकटी म्हणाली, "बाबा, फ्रीजचं दार उघडं राहिलंय." फ्रीज नव्हता, इंजिन तापलं होतं. मागे वाकून पाहिलं तर एक्झॉस्टमधून पाणी येत नाही, नुसती वाफ. इंजिन बंद केलं. समुद्राचं पाणी घेणारा झडपेमागचा स्ट्रेनर (गाळणी) उघडला, स्वच्छ. वारा शून्य. कंपनीला फोन केला तर म्हणाले, इम्पेलर (थंड करणारं पाणी ओढणारी रबरी पात्यांची चकती) बदला, पेटीत आहे. पेटीत दोन पट्टे, मूठभर फ्यूज आणि एक इम्पेलर, तोही बोटभर लहान, दुसऱ्याच इंजिनाचा.

एक वाजता वारा आला. शिडावर फिस्कार्दोसमोरून ईशान्येला, लेफ्कादाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सिवोटापर्यंत गेलो. वारा डाव्या कुशीला. आख्ख्या आठवड्यातलं सगळ्यात देखणं सेलिंग तेच होतं, हे कबूल करताना जीव जातो. सिवोटाच्या आत वळणावर वारा मेला. डिंगीचं इंजिन सुरू होईना. एका टॅव्हर्नाच्या पोऱ्याने छोट्या होडीतून येऊन दोर घेतला. अर्थातच जेवलो तिथेच.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक व्हॅनने आला. इम्पेलरची सहापैकी तीन पाती गायब. वीस मिनिटांत नवा बसवला. मग विंडलास बघायला म्हणून मागच्या केबिनमध्ये गेला, 'टक' आवाज आला, आणि विंडलास चालू! काही बोलला नाही. हसला फक्त.

शनिवारी परत देताना २००० युरो अनामतीतले ३५० कापले. नाकावरच्या रोलरचा (साखळी ज्यावरून सरकते तो) एक गाल वाकलाय म्हणून. नादुरुस्त बोट द्यायची, अर्धा दिवस आमचा घालवायचा आणि वर पैसे आमचेच? भांडावं का? आणि तुमच्यावर असं काही आलं असेल तर तुम्ही काय केलंत?

पुणेरी_पाटी

एवढे पैसे देऊन साखळी स्वतःच ओढायची? यापेक्षा आमच्याकडे सोसायटीच्या विहिरीवर या, फुकटात सोय आहे.

चिंगी_नेदरलँड

वाचतेय. खिचडीचा फोटो कुठाय?

डिझेलबाबा

३१ वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे रोलरबद्दल नाही पण बाकीबद्दल बोलतो. दोन प्रश्न आहेत, प्रामाणिकपणे उत्तर द्या.

१. साखळी ओढताना बोट पुढे कशाने नेत होता? इंजिनाने की विंडलासनेच?
२. इंजिन किती वेगाने चालू होतं?

खारेवारे

बाबा, नमस्कार. १. सुरुवातीला इंजिनाने. मग दोन्ही बाजूंच्या बोटी इतक्या जवळ होत्या की गिअर न्यूट्रलला ठेवला. म्हणजे… विंडलासनेच. २. आयडलला.

डिझेलबाबा

वाटलंच होतं.

बघा, तुमच्या बोटीवर साधारण १००० वॉटचा विंडलास असणार. १२ व्होल्टवर म्हणजे ८० ॲम्पिअरच्या वर. घरातल्या मिक्सरला लागतात तीन-चार. हा विंच नांगर उचलण्यासाठी असतो, सात-आठ टनांची बोट ओढण्यासाठी नाही. बोट ओढायला लावली की ॲम्पिअर चढतात. त्यात इंजिन आयडलला असलं की अल्टरनेटर जेमतेम देतो, बॅटरीचा व्होल्टेज पडतो, मोटर आणखी कण्हते. शेवटी ब्रेकर उडतो. तो उडण्यासाठीच बसवलेला आहे. तुमचा विंडलास बिघडला नव्हता, त्याने स्वतःला वाचवलं.

हा ब्रेकर मुख्य स्विचबोर्डवर बहुधा नसतो. बॅटऱ्यांजवळ असतो, मागच्या केबिनच्या गादीखाली नाहीतर पायऱ्यांमागे. लाल किंवा काळं बटण, नाहीतर छोटा पिवळा दांडा. तोच 'टक'.

नीट पद्धत अशी: इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास, एक जण नाकावर उभा राहून साखळी कुठल्या दिशेला जातेय ते हाताने दाखवतो, स्किपर त्या दिशेला गिअर टाकून हळू पुढे जातो. साखळी सैल पडली की विंडलासने फक्त ती सैल पडलेली गोळा करायची. ताणली की थांबायचं.

आणि उरलेली साखळी हाताने ओढली म्हणून खांदे दुखवून घेऊ नका. उचलावी लागते ती फक्त लोंबणारी साखळी, तळावरची नाही. तिथे खोली किती होती, १२ मीटर? १० मिमीची साखळी मीटरला सव्वादोन-अडीच किलो, म्हणजे अठ्ठावीसेक किलो, वर १६-२० किलोचा नांगर. पंचेचाळीस किलो धरा. दोघांनी दमादमाने येतो.

खारेवारे

खांदा अजून दुखतोय, बाबा. आणि वर दुसऱ्याची साखळी होती, ती नाही धरली तुम्ही.

नाखवा_हर्णै

धागा मस्त. आमच्या आज्याची शिडाची होती, बापाच्या वेळेस मशीन आलं. मी आता बँकेत :)

तुमचा रोलर तिथंच वाकला दादा. नांगर दुसऱ्याच्या साखळीत अडकलेला असताना विंच ओढत राहिलं की साखळी तिरकी येते, सगळं वजन रोलरच्या एका गालावर. आमच्याकडं नांगर खडकात अडकायची भीती असते, तेव्हा नांगराच्या डोक्याला वेगळा बारका दोर बांधून वर बोया सोडतात. अडकला तर त्या दोरानं उलटा ओढायचा. तुम्ही तो का नाही बांधला?

शीडवेडा

@नाखवा, हर्णैला चालेल, फिस्कार्दोत नको. तीस बोटी पाठ लावून उभ्या, प्रत्येकाने बोया सोडला तर येणारी प्रत्येक बोट कुणाचा तरी दोर प्रोपेलरमध्ये घेणार. मोकळ्या खाडीत खडकाळ तळ असेल तर अवश्य बांधा.

त्या जर्मन आजोबांनी काय केलं ते सांगतो, कारण हे एकदा शिकलं की आयुष्यभर पुरतं. नांगर वर घ्यायचा, दुसऱ्याची साखळी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ दिसेपर्यंत. मग एक आखूड दोर त्या परक्या साखळीखालून घालून दोन्ही टोकं आपल्या बोटीच्या नाकावरच्या खुंट्याला बांधायची. आता परकी साखळी दोरावर लटकतेय. आपला नांगर मीटरभर खाली सोडायचा, तो मोकळा होऊन बाजूला झुलतो. बोट थोडी मागे घ्यायची, नांगर वर घ्यायचा, आणि शेवटी दोराचं एक टोक सोडून द्यायचं. परकी साखळी गुपचूप जागेवर जाते आणि तिच्या मालकाला कळतही नाही. हात मात्र साखळी आणि रोलरच्या मध्ये कधीही घालायचा नाही. बोटं जातात.

नाखवा_हर्णै

पटलं. आमच्याकडं प्रोपेलरला पंखा म्हणतात आणि पंख्यात दोर गेला की काय होतं ते बघितलंय. आज्याच्या सुकाणूशेजारी सुतळीनं बांधलेली सुरी असायची. मशीन बंद केल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा एकच नियम तो ओरडून सांगायचा. बाकी सगळं हळू बोलायचा.

आणि डिंगीचं इंजिन: टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. उघडला होतात का?

खारेवारे

…

झाकणावर स्क्रू असतो?

नाखवा_हर्णै

:D :D

बंद राहिला तर पेट्रोल खाली उतरत नाही. मिनिटभर चालतं नाहीतर चालतच नाही. आधी हवा, मग पेट्रोलचा कॉक, मग ती लाल किल-कॉर्डची (ओढली की इंजिन बंद करणाऱ्या दोरीची) क्लिप जागेवर आहे ना ते. चोक शेवटी.

चिंगी_नेदरलँड

माझा अनुभव देते, कारण तुम्ही सगळे इंजिनाबद्दल बोलताय आणि सुट्टीचा खरा बट्ट्याबोळ करणाऱ्या वस्तूचं नावच कोणी घेत नाहीये. संडास.

आम्ही क्रोएशियात स्प्लिटहून निघालो होतो, आठ माणसं, दोन संडास. दुसऱ्या दिवशी पुढचा तुंबला. हातपंपाचा असतो तो. पंपाचा दांडा इतका घट्ट की नवरा त्यावर लटकत होता. मी म्हटलं लटकू नकोस, पाइप सुटला तर सगळं केबिनमध्ये येईल. ऐकेल तर शपथ. (पाइप सुटला नाही. पण त्या दोन मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.)

कारण काय निघालं? वेट वाइप्स. पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलेलं. बोटीच्या संडासाचा पाइप मनगटाएवढाही नसतो, पुढे रबरी झडप असते तिचं तोंड तर त्याहून लहान. नियम एकच: जे आधी खाल्लेलं नाही ते आत टाकायचं नाही. कागदसुद्धा पिशवीत. आपल्याला खरं तर सोपं आहे, आपल्याकडे मग असतो! मी आता प्रत्येक बोटीवर निळा प्लास्टिकचा मग नेते आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना, गोऱ्या मैत्रिणींनासुद्धा, प्रात्यक्षिक वगळून व्याख्यान देते.

दुसरं, शीड. हल्ली भाड्याच्या बऱ्याच बोटींवर मोठं शीड डोलकाठीच्या आत गुंडाळलं जातं. आमचं अर्धं बाहेर येऊन अडकलं, ना आत ना बाहेर, आणि वारा वाढतोय. विंचने जोर लावायचा मोह होतो. तिथेच कापड आतल्या आत घडी पडून गच्च बसतं. तेव्हा शेजारच्या बोटीवरून एक बाई ओरडून सांगत होती: आत घ्या, बाहेर घ्या, थोडं आत, थोडं बाहेर. चिकटलेल्या बरणीच्या झाकणासारखं. दहा मिनिटांत सुटलं. नंतर कळलं की गुंडाळताना शीड अगदीच सैल फडफडू द्यायचं नाही, थोडा ताण ठेवायचा, म्हणजे घडी पडत नाही.

डिझेलबाबा

चिंगीताई, जहाजावरही चीफ इंजिनिअरला सगळ्यात जास्त फोन संडासासाठीच येतात.

आता इम्पेलर. त्यात चूक तुमची नाही. रबरी पात्यांची चकती असते, समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवते. रबर जुनं झालं किंवा पंप कोरडा फिरला की पाती तुटतात. हंगामाच्या सुरुवातीला बदलायचा असतो आणि योग्य मापाचा एक पेटीत ठेवायचा असतो. दोन्ही काम कंपनीचं. तुम्ही एक्झॉस्ट बघितला, लगेच इंजिन बंद केलं, गरम इंजिनाचं झाकण उघडलं नाही. उत्तम. नाहीतर ३५०चे ३५०० झाले असते.

एक गोष्ट मात्र बोलतो. तुम्ही इंजिन बंद करून खाली स्ट्रेनर उघडायला गेलात. तेव्हा वर कोण होतं? इंजिन बंद पडलं की पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, 'वाहत कुठे चाललोय' हा असतो. किनारा किती लांब, वारा आहे का, पाणी उथळ असेल तर नांगर टाकता येईल का. हे ठरवून, एक माणूस सुकाणूवर ठेवून, मग खाली जायचं. किनाऱ्याकडे वाहत असाल तर लाज न बाळगता व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ला 'पॅन पॅन' (मदत हवी, पण जिवावरचं संकट नाही, असा संदेश). ग्रीसमध्ये कोस्टगार्डचा फोन १०८.

खारेवारे

वर मित्र होता आणि नकाशावर आम्ही खाडीच्या मधोमध होतो. पण 'वाहत कुठे चाललोय' हे बघितलं मी स्ट्रेनरनंतर, हे खरं.

मराठमोळी_मीरा

तुमच्या तक्रारी वाचून आयएनएसव्ही तारिणी आठवली. नौदलाच्या सहा जणी २०१७च्या सप्टेंबरमध्ये गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, जवळजवळ घरी पोचल्या आणि २०१८च्या एप्रिलमध्ये सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून मॉरिशसला थांबावं लागलं. दुरुस्ती करून मे महिन्यात परतल्या. अनामत कोणी कापली नाही म्हणा :)

पुणेरी_पाटी

त्यांच्याकडे खिचडी होती का?

दर्या_ताई

दर वर्षी भाड्याची बोट घेते, आतापर्यंत अनामत दोनदा गेली, एकदा पूर्ण परत मिळाली जिथे मिळायला नको होती. भांडायचं की नाही यावर माझं मत:

रोलरचं विसरा. परतीच्या तपासणीत वाकलेला, घेताना सरळ, आणि घेतानाच्या कागदावर तुमची सही. तुम्ही हरणार. त्यासाठीच अनामतीचा वेगळा विमा मिळतो, ८०-१०० युरोत, पुढच्या वेळी घ्या.

इम्पेलरचं मात्र लिहा. चुकीच्या मापाचा सुटा भाग देणं ही त्यांची चूक आहे आणि अर्धा दिवस गेला हे त्यांच्याच मेकॅनिकच्या भेटीवरून सिद्ध होतं. पैसे मागा किंवा पुढच्या बुकिंगवर सूट मागा. फोन केल्याची वेळ आहे ना मोबाइलमध्ये? ती लिहा.

आणि बोट ताब्यात घेताना तासभर द्यायचा म्हणजे द्यायचा. दुपारी पाचला ताबा मिळतो, सगळे थकलेले, कोणाला बियर हवी, कोणाला सुपरमार्केट. तेव्हाच तो माणूस भराभर सांगत सुटतो. विंडलासचा ब्रेकर, समुद्राच्या पाण्याच्या झडपा, सुट्या भागांची पेटी. पेटी उघडायला लावायची. मी तर नांगर तिथेच थोडा खाली-वर करून बघते. डिंगीचं इंजिन सुरू करून दाखवायला सांगते. तोंड वाकडं करतात, करू देत. आम्हाला कोणी दाखवलंच नाही असं नंतर म्हणण्यात अर्थ नसतो.

खारेवारे

दर्या_ताई, ब्रेकर आम्हाला खरंच कोणी दाखवला नाही. हेच तर माझं म्हणणं आहे. दाखवला असता तर फिस्कार्दोत दोन मिनिटांचं काम होतं.

खिचडीवाली

नवीन सदस्य आहे, खास या धाग्यासाठी. घरात बंदी आहे म्हणून इथे लिहितोस होय?

थोरलीने ताबा घेतानाचा सगळा व्हिडिओ काढलाय. काल रात्री आम्ही दोघींनी पुन्हा बघितला. अकराव्या मिनिटाला तो माणूस मागच्या केबिनची गादी उचलतो, लाल बटण दाखवतो आणि म्हणतो, "धिस, फॉर अँकर. इफ स्टॉप, प्रेस." दोनदा म्हणतो. तू कुठे आहेस? तू डेकवर, पाठमोरा, फोनवर. टोमॅटो दोन किलो की चार किलो यावर सुपरमार्केटवाल्याशी बोलतोयस.

पुढे तो पेटीकडे बोट दाखवून "स्पेअर्स" म्हणतो. पेटी कोणी उघडत नाही, हे मात्र तुझ्या बाजूने.

चिंगी_नेदरलँड

खिचडीवाली, स्वागत! फोटो टाका.

पुणेरी_पाटी

टोमॅटो शेवटी किती घेतले?

खारेवारे

चार किलो. दोन टाकून दिले.

बरं. व्हिडिओ मीही बघितला. रोलरचे ३५० सोडले. इम्पेलरबद्दल मेल लिहितोय, दर्या_ताई म्हणतात तसा, फोनच्या वेळेसकट. पेटीतल्या त्या लहान इम्पेलरचा फोटो मात्र नाही, तो बोटीवरच राहिला.

डिझेलबाबा

असू दे. एक राहिलं विचारायचं. तुटलेली तीन पाती मेकॅनिकने शोधून काढली का? ती हवेत जात नाहीत, पाण्याबरोबर पुढे जातात.

खारेवारे

माहीत नाही बाबा. मी तेव्हा विंडलासकडे बघत होतो.

खिचडीवाली

मला माहीत आहे. मेकॅनिकने जुना इम्पेलर धाकटीला दिला, तिला तो फुलासारखा वाटला म्हणून. तिच्या कंपासपेटीत आहे. आत्ता उघडून बघितलं. चकतीला तीन पाती आहेत आणि सुटे तुकडे दोन. तिसरा नाही.

डिझेलबाबा

मग तो हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या) तोंडाशी बसलाय. कंपासपेटीचा फोटो मेलला जोडा आणि मेल आजच पाठवा. या शनिवारी त्या बोटीवर दुसरं कोणीतरी चढणार आहे.